एचआयव्हीबाधितांची शुश्रूषा: परिचारिकांचे आणि घरच्यांचे प्रश्न

एचआयव्हीच्या शुश्रूषेवर प्रश्न मागवले होते. सर्वांत जास्त पत्रं वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरांची आली, त्याखालोखाल घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न: ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. एचआयव्हीचे रुग्ण ताप, जुलाब, अशक्तपणा अशा तक्रारींनी दाखल होतात. असेसमेंटचा फॉर्म लांबलचक, आणि पाळीत खाटा तीस. पहिल्या पंधरा मिनिटांत नेमकं काय बघायचं?

फॉर्म थोडा वेळ बाजूला ठेवा आणि रुग्ण खाटेपर्यंत कसा आला ते बघा. स्वतःच्या पायांनी आला, की कुणाच्या खांद्यावर? आधाराशिवाय चालता न येणं, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, नाडी १२० किंवा जास्त, ताप ३९ अंश सेल्सिअस म्हणजे साधारण १०२ फॅरनहाइट किंवा जास्त, यातलं एक जरी असलं तरी रुग्ण गंभीर धरायचा आणि डॉक्टरांना लगेच बोलवायचं. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मनगट हातात धरून नाडी बघतोय असं भासवत मोजा, कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस तो बदलतो. बऱ्याच चार्टांवर सगळ्याच रुग्णांचा श्वास १८ नाहीतर २० लिहिलेला दिसतो. तो मोजलेला नसतो. एचआयव्हीच्या रुग्णात ही चूक जिवावर बेतते, कारण न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया याच आकड्याआड लपतो. कोरडा खोकला, हळूहळू वाढत गेलेली धाप, छातीला स्टेथोस्कोप लावला तर फारसं काही ऐकू येत नाही, आणि बसल्या जागी ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९५-९६. सगळं ठीक वाटतं. म्हणून बसून धाप नसलेल्या रुग्णाला बोटाला ऑक्सिमीटर लावून एक मिनिट चालवा, किंवा स्टुलावर उठ-बस करायला लावा. आकडा चार-पाचने घसरला तर ते महत्त्वाचं लक्षण आहे. ज्याला आधीच धाप आहे त्याला मात्र चालवायचं नाही.

मग चार प्रश्न, प्रत्येक भेटीत, न चुकता: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घामाने कपडे भिजतात का. खोकला किती दिवसांचा हे इथे बघायचं नाही. दोन दिवसांचा असला तरी उत्तर ‘हो’. चारपैकी एक ‘हो’ आलं की क्षयाची तपासणी. थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या चाचण्यांसाठी पाठवा, रुग्णाला मास्क द्या, खाट खिडकीजवळ घ्या आणि स्वतः एन-९५ लावा. हा मास्क क्षयासाठी आहे, एचआयव्हीसाठी नाही, हे रुग्णालाही सांगा. नाहीतर तो समजतो की सिस्टर आपल्याला घाबरताहेत. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असली की फुप्फुसात पोकळी पडत नाही, थुंकीतही जंतू कमी सापडतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. अशा वेळी लघवीतून क्षयाचा अंश शोधणारी लॅम चाचणी उपयोगी पडते. सोय असेल तर लघवीचा नमुना दाखल करतानाच घेऊन ठेवा.

वजन नेहमी त्याच काट्यावर, चपला काढून. नुसतं आजचं वजन लिहून भागत नाही, मागचं विचारा. ६० किलोचा माणूस कारणाशिवाय ५४ वर आला म्हणजे दहा टक्के गेले. त्याहून जास्त घट, महिनाभराहून जास्त चाललेले जुलाब किंवा ताप, तोंडात सतत येणारी बुरशी ही आजार चारपैकी तिसऱ्या टप्प्यात गेल्याची लक्षणं आहेत.

आता तोंड. अख्ख्या तपासणीत सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त सांगणारी जागा ही, आणि सर्वांत जास्त वगळली जाणारीही हीच. टॉर्च घ्या, हातमोजे घाला, कवळी असेल तर काढायला सांगा. जीभ, गालांच्या आतल्या बाजू, टाळू, जिभेखालची जागा असं क्रमाने बघा. दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसले तर ओल्या गॉजने हलकेच पुसा. थर निघाला आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली जागा दिसली तर ती कँडिडा बुरशी. जिभेच्या कडांवर उभ्या रेघांसारखा पांढरा पट्टा असेल आणि तो पुसून निघत नसेल तर तो वेगळा प्रकार. त्याला बहुधा उपचार लागत नाहीत, पण प्रतिकारशक्ती उतरल्याची ती खूण आहे. लगेच पुढचा प्रश्न विचारा, ‘घास गिळताना छातीत दुखतं का, अडकतो का?’ दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेपर्यंत पोचलेली असू शकते. मग तोंडात लावायच्या औषधाने भागत नाही, फ्लुकोनॅझोल दोन ते तीन आठवडे घ्यावं लागतं. हे न विचारल्यामुळे ‘रुग्ण जेवत नाही’ एवढंच केसपेपरवर राहतं.

डोकेदुखी आहे का हे स्वतःहून विचारा. क्रिप्टोकॉकस बुरशीच्या मेंदुज्वरात मान आखडलेली नसूनही आजार असू शकतो, कारण मान आखडायला जो दाह व्हावा लागतो तो करण्याइतकी ताकद शरीरात उरलेली नसते. दोन-तीन आठवड्यांची वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, दोन-दोन दिसणं, वागण्यातला फरक याला किरकोळ समजू नका. एक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा, मग दुसरा. सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ५०च्या खाली गेलेल्यांत डोळ्याच्या पडद्याला विषाणूचा संसर्ग होतो, आणि एकाच डोळ्याची नजर गेली तर रुग्णाला ते कळतही नाही.

मानेतल्या, काखेतल्या गाठी बोटांनी चाचपा. एकमेकींना चिकटलेल्या, मऊ पडत चाललेल्या गाठी क्षयाकडे बोट दाखवतात. अंगावर एकाच बाजूला पट्ट्यासारखी नागीण उठली होती का, तिचे डाग आहेत का ते बघा. तळपायांना आग, मुंग्या येतात का विचारा; क्षयाचं आयसोनियाझिड चालू आहे पण सोबतची पायरिडॉक्सिन ही जीवनसत्त्वाची गोळी बंद पडली आहे, हे कारण पुष्कळदा सापडतं.

शेवटी गोळ्यांची बाटली प्रत्यक्ष मागून बघा. ‘औषध चालू आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘कालची गोळी किती वाजता घेतली?’ असं विचारा.

सीडी४ चा रिपोर्ट यायला वेळ लागला तरी हरकत नाही. सीडी४ २००च्या खाली असेल, किंवा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असेल, तर त्याला पुढारलेला एचआयव्ही आजार म्हणतात. पाच वर्षांखालचं बाधित मूल उपचार स्थिरावलेले नसतील तर सीडी४ न बघताच त्यात धरतात. मोठा माणूस मात्र सीडी४ ८० असतानाही चालत येऊन गप्पा मारत बसलेला असू शकतो. म्हणून वरच्या तपासण्या ठणठणीत दिसणाऱ्याच्याही करायच्या.

नोंद कशी असावी याचा नमुना देतो: ‘दु. ४.१०. वजन ४१ किलो, चार महिन्यांपूर्वी ४८. श्वास २८. सॅच्युरेशन बसून ९५, संडासापर्यंत जाऊन आल्यावर ८९. तोंडात पांढरे थर, पुसल्यावर निघतात. गिळताना छातीत दुखतं. डोकेदुखी नाही. गोळ्या दीड महिना बंद. डॉक्टरांना ४.२० ला कळवलं.’ एवढ्या सहा-सात ओळींवर रात्रपाळीचे डॉक्टर योग्य निर्णय घेऊ शकतात. ‘रुग्णाची प्रकृती बरी’ यावर नाही.

प्रश्न: आमच्या वॉर्डात अशा रुग्णांच्या खाटेवर लाल खूण करतात, केसपेपरवर ठळक शिक्का मारतात. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, आणि कायद्यालाही धरून नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला आणि उपचारात भेदभाव करायला त्याने मनाई आहे. उपचार करणाऱ्यांना उपचारापुरती माहिती असणं वेगळं, आणि खाटेशेजारून जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला ती दिसणं वेगळं. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणं हेही याच कायद्यात आहे.

सुरक्षिततेच्या बाजूनेही खूण फसवी आहे. लाल खूण नसलेल्या खाटेवर हातमोजे न घालता रक्त काढलं जातं, आणि तपासणीच न झालेला रुग्ण नेमका तिथे असतो. रक्त, पू, शरीरातले द्रव यांना हात लागणार असेल तर सगळ्यांसाठी हातमोजे. ताप बघायला, हात धरून उठवायला, जेवण द्यायला कुणासाठीच नकोत. तेच कायदा आपल्या मालकांकडूनही मागतो: हातमोजे, सुया नष्ट करायची सोय, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास औषध पुरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. ती मागून घ्या.

प्रश्न: वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन वॉर्डात आहे. क्रिप्टोकॉकल मेंदुज्वराच्या रुग्णाला अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध चालू केलं की थंडी वाजते, शीर सुजते, चार दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं रक्तातलं माप) वाढतं. आमचं काय चुकतं?

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या लाटेत या औषधाचं नाव घराघरात पोचलं, पण ते द्यायचं कसं हे वॉर्डावॉर्डात वेगवेगळं चालतं. तुम्ही वर्णन केलेल्या त्रासापैकी बराचसा औषधाचा स्वभाव आहे. पण काही आपल्या हातातही आहे.

सर्वांत आधी व्हायलवरचं पूर्ण नाव वाचा. साधं अँफोटेरिसिन, म्हणजे डिऑक्सिकोलेट, किलोला १ मिलिग्रॅमच्या आसपास देतात. लायपोसोमल ३ मिलिग्रॅमपासून देतात, आणि एकाच मोठ्या डोसच्या पद्धतीत किलोला १० मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला एकाचे ५० मिलिग्रॅम, दुसऱ्याचे ५००. ही दोन औषधं अदलाबदल झाली, लायपोसोमलच्या मात्रेत साधं गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. केसपेपरवर नुसतं ‘अँफोटेरिसिन’ लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून पूर्ण नाव लिहून घेतल्याशिवाय व्हायल फोडू नका. दुसऱ्या सिस्टरकडून मात्रा पडताळून घ्या.

दुसरी गोष्ट द्रवाची. साधं अँफोटेरिसिन सलाइनमध्ये मिसळलं की साका होतो. ५० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून पिवळं, स्वच्छ होईपर्यंत हलवायचं आणि मग ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं. हाताच्या शिरेतून देताना ५० मिलिग्रॅमला किमान ५०० मिलिलिटर डेक्स्ट्रोज. त्याहून घट्ट केलं की शीर सुजते. तुमच्याकडच्या सुजेचं पहिलं कारण हेच असण्याची शक्यता जास्त. ज्या नळीतून आधी सलाइन गेलं ती डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या, संपल्यावर पुन्हा डेक्स्ट्रोजने धुवा. चार तास, कमी नाही. घाईने दिलं की थंडी जास्त वाजते आणि पोटॅशियमची उलथापालथ होते. लायपोसोमलमध्ये कंपनीगणिक मिसळण्याची रीत बदलते, सोबत फिल्टरही असतो. तिथे पाकिटातला कागद उघडून वाचणं हाच नियम.

मूत्रपिंड वाचवायचं काम औषध सुरू होण्याआधी होतं. एक लिटर नॉर्मल सलाइन, त्यात पोटॅशियम क्लोराइडचा २० मिलिइक्विव्हॅलंटचा एक अँप्युल, दोन तासांत. आपल्याकडे मिळणारा १० मिलिलिटरचा १५ टक्के अँप्युल म्हणजे तेवढंच. अँप्युल टाकल्यावर बाटली चार-पाच वेळा उलटी-सुलटी करा. पोटॅशियम तळाशी राहिलं तर पहिल्या काही मिनिटांत एकदम जातं. सिरिंजने थेट शिरेत पोटॅशियम कधीही नाही. लघवी होत नसेल किंवा पोटॅशियम आधीच वाढलेलं असेल तर हा अँप्युल विचारल्याशिवाय टाकायचा नाही. आधी द्यायच्या या सलाइनची, म्हणजे प्री-हायड्रेशनची, ऑर्डर असते, पण बाटली अर्धी असतानाच अँफोटेरिसिन जोडलं जातं. चार दिवसांत क्रिएटिनिन वाढण्यामागे हे असतं का ते आपल्या चार्टवर वेळा लावून तपासा.

पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ताप. नंतर अर्ध्या तासाने. थंडी वाजायला लागली तर थेंब मंद करा, डॉक्टरांना सांगा. पुढच्या डोसाआधी अर्धा तास पॅरासिटामॉल देण्याची ऑर्डर घ्या. शीर रोज बदला. लघवी मोजा: ५० किलोच्या माणसाला तासाला २५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ६०० च्या खाली गेली तर कळवायचं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आठवड्यातून दोनदा तरी, हिमोग्लोबिन आठवड्याला. पायात गोळे येणं, मान धरता न येण्याइतका अशक्तपणा आला तर पोटॅशियम आधी आठवा.

आणि पाठीतलं पाणी. या आजारात माणूस पुष्कळदा बुरशीपेक्षा मेंदूवरच्या दाबाने दगावतो. दाब २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढून तो २०च्या खाली किंवा निम्म्यावर आणायचा, आणि गरज पडेल तितक्या दिवस रोज काढायचं. नातेवाईक नकार देतात, कारण ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो’ ही भीती गावोगाव आहे. ही भीती घालवायचं काम सिस्टरच सर्वांत चांगलं करू शकतात: सुई कमरेच्या खालच्या भागात जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, आणि पाणी काढल्यावर डोकेदुखी बहुतेक वेळा लगेच हलकी होते. सकाळ-संध्याकाळ डोकेदुखी दहापैकी किती हे विचारून लिहा. आकडा चढला, उलटी झाली, दिसणं किंवा ऐकणं कमी झालं तर पुढच्या राउंडपर्यंत थांबू नका.

‘एचआयव्हीचं औषध का सुरू करत नाहीत?’ असं घरचे विचारतीलच. मेंदुज्वरात ते चार ते सहा आठवडे थांबवून सुरू करतात. लवकर दिलं तर जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूतच दाह करते आणि रुग्ण दगावू शकतो. हे सांगितलं नाही तर घरचे आपणहून जुन्या बाटलीतल्या गोळ्या देतात.

प्रश्न: आमच्याकडच्या मावशींना पिशवी उचलताना सुई टोचली. त्यांनी बोट पिळून रक्त काढलं आणि स्पिरिट लावलं. दोन दिवसांनी सांगितलं. आता उशीर झाला का?

दोन दिवस म्हणजे ४८ तास. ७२ तासांच्या आत आहात, तेव्हा हे वाचत बसू नका, आजच औषध सुरू करा. पहिला डोस दोन तासांत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग होत नाही. औषध म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर एकत्र असलेली टीएलडी गोळी, रोज एक, २८ दिवस. ज्याची सुई तो रुग्ण कोण, त्याचा रिपोर्ट काय, हे कळेपर्यंत पहिला डोस थांबवायचा नसतो.

बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-ब्लीच लावायचं नाही; पेशींना इजा होते आणि फायदा काही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, एवढंच. डोळ्यात उडालं तर पाणी किंवा सलाइनने धुवा, साबण नको. तोंडात गेलं तर थुंकून पुन्हा पुन्हा चूळ भरा.

मावशींची एचआयव्ही चाचणी आताच करून घ्या, मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. आताची चाचणी त्यांच्या हिताची आहे: पुढे काही निघालंच तर ते कामावर झालं हे दाखवायला तीच लागते. या काळात निरोध वापरायचा, रक्तदान नाही. त्यांना आकडाही सांगा. बाधित सुई टोचून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. हिपॅटायटिस बी चा धोका मात्र लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत जातो. सफाईच्या कंत्राटी माणसांना शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन लसी दिल्या आहेत का, हे कोणी विचारतच नाही. विचारा.

सुई पिशवीत आली कशी हेही शोधा. सुयांचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा खाटेपासून दहा पावलांवर असेल तर सुई ट्रेमध्येच राहते, आणि ट्रेमधून ड्रेसिंगबरोबर पिवळ्या पिशवीत. डबा सुई वापरणाऱ्याच्या हाताशी हवा, आणि पाऊण भरला की बदलायचा. सुईचं झाकण परत बसवायला जाऊन टोचून घेणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे.

प्रश्न: यजमान घरी अंथरुणावर आहेत. जुलाब, तोंड आलेलं, पाठीला जखम होऊ लागली आहे. घरात दोन मुलं आहेत. भांडी, कपडे वेगळे ठेवू का?

ताई, भांडी वेगळी करू नका. ताट, पेला, अंथरूण, संडास, खोकला यांतून एचआयव्ही पसरत नाही. मुलांना वडिलांजवळ बसू द्या. यजमानांना खोकला असेल तर त्यांची क्षयाची तपासणी आधी करून घ्या, कारण तो मात्र मुलांना होऊ शकतो. वेगळं ठेवायचं ते ब्लेड आणि टूथब्रश. रक्ताने किंवा जुलाबाने माखलेले कपडे हातमोजे घालून, हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून उचला, आधी गार पाण्यात काढा, मग साबणाच्या गरम पाण्यात. जमिनीवर रक्त सांडलं तर त्यावर जुना कपडा टाका, १ टक्क्याचं हायपोक्लोराइट ओता, १० ते २० मिनिटांनी पुसा. दुकानातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक पेला त्यात चार पेले पाणी. रोज नवीन करा, कालचं उतरलेलं असतं.

जुलाबाला ओआरएस: पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजाने नको. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर, घोट-घोट. चोवीस तासांत संपवा. शौचात रक्त, ताप, लघवी फार कमी किंवा डोळे खोल गेले तर दवाखाना.

तोंडासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणाआधी आणि नंतर चूळ. ब्रश मऊ. तिखट, आंबट, गरमागरम टाळा. पेज, मुगाची मऊ खिचडी, तूप घातलेला मेतकूट-भात, शिजवलेलं अंडं, केळं, दूध पचत असेल तर खीर. आजारपणात या रुग्णांना नेहमीपेक्षा २० ते ३० टक्के जास्त उष्मांक लागतात, आणि दोन वेळा भरलं ताट संपत नाही. म्हणून दिवसातून सहा वेळा वाटीभर. शेंगदाण्याचं कूट आणि तूप जिथे जमेल तिथे मिसळा.

पाठीसाठी दर दोन तासांनी कूस बदला. ओढून सरकवू नका, कातडी घासते. चादरीसकट दोघांनी उचला. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडत नसेल तर जखमेची ती सुरुवात आहे. त्या जागी मालिश नको.

तुमची स्वतःची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. औषध नियमित घेऊन यजमानांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, न सापडण्याइतका खाली राहिला तर शरीरसंबंधातून तुम्हाला संसर्ग होत नाही. तोवर निरोध. कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

प्रश्न: बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. ऊसतोडीला जाणारे रुग्ण हंगामात गोळ्या सोडतात. परत आले की घाबरून एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) जात नाहीत. काय करावं?

हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून काम सप्टेंबरमध्ये करायचं. जायच्या आधी केंद्रात नेऊन उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवा आणि कुठल्या जिल्ह्यात, किती महिने जाणार हे समुपदेशकांना सांगा. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. त्यापुढे कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या घेता येतात. त्यासाठी हिरवं पुस्तक सोबत हवं, गावच्या पत्र्याच्या पेटीत नव्हे. कोपीत सगळ्यांसमोर बाटली काढायला लाज वाटते हे खरं कारण असतं. मग गोळीची वेळ पहाटे फडावर निघतानाची ठरवा. बाटलीतला ओल शोषणारा छोटा पुडा काढून टाकू नका आणि गोळ्या साध्या कागदात बांधू नका. विसरलेली गोळी १२ तासांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची. त्यानंतर पुढची तिच्या वेळेला, दोन एकत्र नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अंगदुखीसाठी हे लोक डायक्लोफेनॅकच्या गोळ्या-इंजेक्शनं सर्रास घेतात. उन्हात घाम, पाणी कमी, वर डायक्लोफेनॅक आणि टेनोफोविर, यात मूत्रपिंड जाऊ शकतं. पॅरासिटामॉल चालतं. परत आल्यावर क्रिएटिनिन तपासायला सांगा.

गोळ्या सोडून आलेल्याला रागावू नका. ‘किती चुकल्या?’ याऐवजी ‘किती उरल्या?’ विचारा. ३० पैकी ३ उरल्या म्हणजे २७ घेतल्या, ९० टक्के; ९५ च्या वर हवं. महिनोन्महिने बंद असतील तर त्याला नव्या रुग्णासारखंच धरा: चार प्रश्न, तोंड, वजन, सीडी४ पुन्हा. आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत नवा ताप किंवा गाठ आली तर त्याला वाटतं ‘औषध बाधलं’, आणि तो पुन्हा सोडतो. दबलेला आजार प्रतिकारशक्ती जागी झाल्यावर असा वर येतो. गोळी न सोडता केंद्रात जायचं, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

प्रश्न: टीएलडीबरोबर लोहाच्या, कॅल्शियमच्या, ॲसिडिटीच्या गोळ्या चालतात का? मधुमेहही आहे.

लोह आणि कॅल्शियम डोलुटेग्राव्हिरला आतड्यातच बांधून ठेवतात. भरल्या पोटी तिन्ही एकत्र चालतात. उपाशीपोटी घ्यायची असेल तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. ॲसिडिटीच्या पातळ औषधात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, त्याला जेवणाची सवलत नाही; दोन-सहाचा नियम पाळायचाच. पँटोप्रॅझोलची अडचण नाही. मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको, कारण डोलुटेग्राव्हिर ते रक्तात साठवतं. आणि क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोलुटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी १२ तासांनी लागते. ती रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची.